अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्याचे इंग्रजी

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अध्यापनाचा इतिहास बहुधा लंडन वा न्यूयॉर्कपासून सांगितला जातो. त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मात्र ढाक्यात घडले. तेथील शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ साली द्विभाषिकत्वावरील आपल्या ग्रंथात एक अप्रिय प्रश्न उपस्थित केला. मुदतीपूर्वी विमा सोडणारासही काही रक्कम परत मिळते; शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या बंगाली विद्यार्थ्याच्या पदरात काय पडते? ग्रांथिक व क्वचितच आढळणारे शब्द घोकण्यात त्याची वर्षे जात, आणि तरीही साधे इंग्रजी पुस्तक त्यास वाचवत नसे. यास्तव वेस्ट यांनी आपल्या वाचनमालेत दुर्मिळ शब्दांच्या जागी रूढ शब्द योजिले व नव्या शब्दांची दाटी कमी केली. आधार होता थॉर्नडाइक यांच्या १९२१ मधील १०,००० शब्दांच्या सूचीचा. ती सूची अमेरिकन शिक्षकांसाठी होती, हे विसरता कामा नये.

वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली यादी सुमारे २,००० शब्दांची आहे. माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची अडचण मात्र तिच्या पुढेच सुरू होते. २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी या २,००० शब्दांबाहेरील ५७० शब्दकुले निवडली. त्यांनी तपासलेल्या शास्त्रीय लेखनात ती सुमारे १० टक्के, तर ललित गद्यात अवघी १.४ टक्के आढळली. केवळ गोष्टी वाचून हे शब्द हाती लागणे कठीण; आणि वेस्ट यांच्या वाचनमालेचा भर तर गोष्टींवरच होता.