पुढचे चाक आणि मागचे चाक

उसाचा हंगाम सुरू झाला की आष्ट्याच्या रस्त्याला उसंत नसते. साखराळ्याच्या किंवा कारंदवाडीच्या कारखान्याकडे निघालेल्या बैलांच्या टायरगाड्या, मागे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, भाजीपाला आणि दुधाचे कॅन घेऊन सांगलीकडे किंवा पेठ नाक्याकडे जाणारे पिकअप, मधूनच एखादी जुनी जीप, अशी सगळी वाहने एकाच डांबरी रस्त्यावरून जात असतात. त्यांच्या चाकांकडे नीट पाहिले, तर एक गंमत लक्षात येते. टायरगाडीला दोनच चाके आणि दोन्ही सारखी. ट्रॅक्टरचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या जवळजवळ पावणेदोनपट उंच, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. जीपची मात्र चारही चाके एका मापाची. आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या एखाद्या पिकअपचे मागचे टायर पुढच्यापेक्षा दोन बोटे मोठे निघाले की लगेच वाद सुरू होतो. कोणी म्हणतो, "चालतंय की!" कोणी म्हणतो, "असं चालवलं तर गाडीचं काम निघणार."

कर्ज काढून जुना पिकअप घेणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. टायरची नवी जोडी म्हणजे कित्येक खेपांची कमाई. ती खर्च करायची की नाही, हे त्याला ठरवायचे असते. या प्रश्नाचे उत्तर चाकाच्या इतिहासात सापडते. तो इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते की पुढचे आणि मागचे चाक वेगळ्या मापाचे असणे हा मुळात दोष नाही. ती दोन चाके एकमेकांशी कशाने जोडलेली आहेत, यावर सारे अवलंबून असते.

लाकडी चाकाची धाव

आपल्याकडची जुनी बैलगाडी दोन चाकांची. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून सुताराने चाक तयार करायचे आणि लोहाराने त्यावर लोखंडी धाव चढवायची. धाव तापवली की प्रसरण पावते. ती चाकावर बसवून पाणी ओतले की आकुंचन पावते आणि सगळे सांधे घट्ट आवळले जातात. इंग्रजीतला 'टायर' हा शब्दही मुळात अशाच लोखंडी पट्टीसाठी वापरत. म्हणजे टायर हा शब्द आपल्याकडे येण्याआधी ती वस्तू 'धाव' या नावाने नांदतच होती.

दोन चाकांच्या गाडीत पुढचे-मागचे हा प्रश्नच नाही. तो येतो चार चाकांच्या गाडीत. अशी गाडी वळवायची तर पुढचा आस फिरवावा लागतो आणि फिरताना पुढची चाके गाडीच्या सांगाड्याला अडकतात. त्यावर साधा उपाय निघाला. पुढची चाके लहान करायची, म्हणजे ती सांगाड्याखाली सरकू शकतात. मुंबईत वर्षानुवर्षे धावलेल्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असत, ती याचसाठी. लहान चाक अधिक फेरे घेई, मोठे कमी. दोघांना जोडणारा एकही दात्यांचा पट्टा किंवा साखळी नव्हती. दोघांच्या मध्ये होता तो फक्त रस्ता, आणि रस्ता कोणाचे फेरे मोजत नाही.

सायकलचे धडे

१८७० च्या दशकात युरोपात लोकप्रिय झालेल्या उंच सायकलचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येई आणि मागचे अगदीच चिमुकले असे. याचे कारण गणिती आहे. पायटे थेट पुढच्या चाकाच्या आसावर बसवलेले होते. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग एका फेऱ्यात जास्त अंतर कापायचे तर परीघ वाढवणे एवढाच मार्ग उरतो. चाक जितके मोठे तितका वेग जास्त, आणि पडलो तर डोके फुटण्याची भीतीही तितकीच जास्त.

१८८५ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन केम्प स्टार्ले यांनी 'रोव्हर' सायकल बाजारात आणली. तिच्यात साखळी आणि दोन दातेरी चक्रे वापरून मागचे चाक फिरवले होते. दातेरी चक्रांचे गुणोत्तर वाढवले की लहान चाकही हवा तितका वेग देऊ लागते. त्यामुळे राक्षसी चाकाची गरज संपली आणि लवकरच दोन्ही चाके एका मापाची झाली. चाकाचा आकार आणि गिअरचे गुणोत्तर ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत, हा या बदलातला धडा. तो पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

१८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. रॉबर्ट थॉमसन यांनी ही कल्पना १८४५ मध्येच मांडली होती, पण त्या वेळी तिला गिऱ्हाईक नव्हते. आता सायकलने ते मिळवून दिले. योगायोग असा, की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवातही १८८८ पासूनच मोजतो आणि तीसुद्धा बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. त्याच लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ती आष्ट्याहून कृष्णेपलीकडे, आजच्या सांगली जिल्ह्यातच आहे. चाकांपासून नांगरांपर्यंतचा हा प्रवास आपल्याच भागात घडला.

ट्रॅक्टरचे मोठे चाक

ट्रॅक्टरच्या दोन चाकांची कामे वेगवेगळी असतात. मागच्याने ओढायचे, पुढच्याने वळवायचे. ओढणारे चाक मोठे आणि रुंद असले की जमिनीशी त्याचा स्पर्श वाढतो, ते भुसभुशीत मातीत कमी रुतते आणि खड्डे-ढेकळे सहज ओलांडते. पुढचे चाक लहान असले की कमी जागेत वळते आणि चालकाला पुढची सरी दिसते. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाके असत. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिस-चामर्स कंपनीने हवेचे टायर लावलेला ट्रॅक्टर विकायला काढला आणि काही वर्षांतच लोखंडी चाके मागे पडली.

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना पुढे ६.०० - १६ आणि मागे १३.६ - २८ या मापाचे टायर असतात. मागचे एक फेरा पूर्ण करते तेव्हा पुढचे सुमारे पावणेदोन फेरे घेते. तरीही काही बिघडत नाही, कारण इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. व्हिक्टोरियाप्रमाणेच इथेही पुढच्या-मागच्यामध्ये दुवा फक्त जमिनीचा.

जीप: चाकांचा करार

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलिस जीप तयार झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशके खेड्यापाड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर हीच गाडी दिसू लागली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे एक जादा दांडा. तो ओढला की ताकद मागच्या चाकांबरोबर पुढच्यांनाही मिळते.

इथे डिफरन्शियल समजून घ्यायला हवे. गाडी वळते तेव्हा बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. दोन्ही चाके एकाच कडक आसावर असतील तर एकाला फरफटत जावे लागते. १८२७-२८ च्या सुमारास फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी यावर तोड काढली. ती दातेरी रचना म्हणजेच डिफरन्शियल. ती ताकद दोन्ही बाजूंना देते, पण डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या गतीने फिरू देते.

जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांवर एकेक डिफरन्शियल असते, पण पुढच्या-मागच्यामध्ये ते नसते. दांडा ओढला की दोन्हींकडे जाणारे दांडे एकाच गतीने फिरतात. याचा अर्थ, पुढच्या आणि मागच्या चाकांनी सारखेच फेरे घ्यायचे, असा करार गिअरांनी करून टाकलेला असतो. चाके वेगळ्या मापाची असतील तर रस्ता सांगतो "वेगळे फेरे घ्या" आणि गिअर सांगतात "सारखे घ्या". चिखलात चाक थोडे घसरते आणि तंटा मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. मग पीळ आसांमध्ये आणि गिअरांच्या दात्यांमध्ये साठत जातो, दांडा अडकतो, टायर घासतात आणि शेवटी कुठला तरी भाग तुटतो.

चारही चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर निघाला तेव्हा हीच अडचण आली. तिथे पुढची चाके लहानच ठेवायची होती. म्हणून पुढच्या आसाच्या गिअरचे गुणोत्तर बदलून फरक भरून काढला, आणि पुढची चाके किंचित पुढे ओढतील एवढी थोडीशी आघाडीही त्यांना दिली. सायकलमधला धडा इथे पुन्हा भेटतो. अशा ट्रॅक्टरच्या एकाच जोडीचे माप बदलले तर मात्र हा हिशेब मोडतो.

टायरवरचे आकडे

जीपचा टायर ६.०० - १६ याच मापाचा असे. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. १९४६ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले. तिथे मोजणी मिलिमीटरमध्ये. पण जगभरच्या रिम तोवर इंचांत घडत होत्या. त्यामुळे आजच्या '२१५/७५ आर १५' या मापात दोन्ही पद्धती नांदतात. रुंदी २१५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि रिम १५ इंचांची.

आता समजा, पिकअपला पुढे २१५/७५ आर १५ आणि मागे २३५/७५ आर १५ आहे. दोन्ही १५ इंची रिमवर बसतात, म्हणून अशी सरमिसळ सहज होते. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. पुढच्या टायरची उंची १६१.२५ मिलिमीटर, तिची दुप्पट मिळवली की व्यास ७०३.५ मिलिमीटर. मागच्याचा व्यास त्याच रीतीने ७३३.५ मिलिमीटर. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे तीच ती दोन बोटे. एका किलोमीटरमध्ये पुढचे चाक सुमारे ४५२ फेरे घेईल आणि मागचे सुमारे ४३४. भारामुळे टायर थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे किंचित बदलतील, पण सव्वाचार टक्क्यांचा फरक साधारण तसाच राहील.

पिकअपचा निवाडा

आता वाद सोडवता येतो. पिकअप फक्त मागच्या चाकांवर चालणारा असेल, तर पुढचे-मागचे चाक गिअरांनी बांधलेले नाही. या फरकाने गिअर तुटणार नाहीत. "चालतंय की" म्हणणारा इतक्यापुरता बरोबर आहे. माल मागे असतो म्हणून आधीच्या मालकाने मागे मोठे टायर घातले असतील, यातही काही तर्क आहे. पण त्याची किंमत मोजावी लागते. इंजिनाचा पीळ तोच आणि त्रिज्या मोठी, म्हणून चढावर ओढ सुमारे चार टक्के कमी पडते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून चालत असेल, तर काटा ६० दाखवतो तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या आसपास असतो. हजार किलोमीटर धावल्यावर मीटरवर ९६० च्या जवळपासच दिसतात. एबीएस ब्रेक असलेल्या गाडीत चाकांच्या गतींची तुलना सतत होत असते. तिथे असा कायमचा फरक गोंधळ करू शकतो.

गाडी चारही चाकांवर चालणारी असेल, तर दुसऱ्याचे खरे. डांबरावर तो दांडा ओढला तर काम निघणारच.

तिसरी गोष्ट वादात सहसा कोणी काढत नाही. एकाच आसावर डावे एका मापाचे आणि उजवे दुसऱ्या मापाचे असणे हे पुढच्या-मागच्या फरकापेक्षा वाईट. वळणापुरते चालणारे डिफरन्शियल मग सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहते, आणि गाडीचा कल बिघडतो तो वेगळाच. वेगळ्या मापाची स्टेपनी लावून दिवसेंदिवस गाडी हाकणे हे नेमके असेच. ('स्टेपनी' हा शब्द आला तो वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकायला सुरुवात केली होती.)

शिवाय आकडा सारखा म्हणजे माप सारखे, असेही नाही. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की व्यास सुमारे १३ मिलिमीटरने घटतो, म्हणजे जवळजवळ दोन टक्के. म्हणून टायर जोडीने बदलावेत. एकच नवी जोडी परवडत असेल तर ती मागे घालावी. ओल्या रस्त्यावर गोटा झालेले टायर मागे असले की गाडी गरकन फिरते, आणि फिरणारी गाडी सावरणे अवघड असते.

वर्गात करण्यासाठी

हा सगळा हिशेब खडू आणि मोजपट्टीने पडताळता येतो. सपाट मैदानात, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि जाणता चालक ब्रेकवर बसवून, रिकामा पिकअप उभा करावा. पुढच्या आणि मागच्या एकेका टायरवर, जमिनीला टेकलेल्या जागी, खडूने खूण करावी. गाडी सरळ रेषेत ढकलून पुढच्या चाकाचे दहा फेरे मोजावेत. वरच्या उदाहरणातले टायर असतील, तर मागच्या चाकाचा दहावा फेरा सुमारे दोन-पंचमांशाने अपुरा राहिलेला दिसेल. पिकअप मिळाला नाही तर ट्रॅक्टरही चालेल. तिथे फरक डोळ्यांनाच दिसतो.

त्यानंतर विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारावेत. या वाहनात पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारे काय आहे, नुसता रस्ता की गिअर? आणि गिअर असतील, तर चाकांच्या व्यासांचे गुणोत्तर त्यांच्याशी जुळते का? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला काढता येतील, त्याला जुनी गाडी घेताना दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावे लागणार नाही.