काळी पेटी

बँकेतला माणूस दुसऱ्याला कर्ज देताना तारण दहा वेळा तपासतो. स्वतःसाठी काही घ्यायचं झालं की मात्र ही सवय तो टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवतो. 2009 साली मी जुना कॅमेरा घेतला, तो असाच.

निमित्त होतं शकुंतलेचं. कालिदासाच्या नव्हे, आमच्या. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून विलायतेला न्यायला इंग्रजांच्या कंपनीने ही लाइन टाकली. 76 किलोमीटरला ती चारेक तास घ्यायची; घाईचं काम असलेला माणूस सायकल काढायचा. आमचे बाबा मास्तर. अचलपूरहून अंजनगावच्या शाळेत त्यांनी याच गाडीने जा-ये केली. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, हे त्यांना कधी रुचलं नाही. मी ठरवलं, एकदा बाबांना घेऊन त्या गाडीत बसायचं, फोटो काढायचे आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टेप करायच्या.

कॅमेरा निवडायला सहा महिने लागले. 35 मिलिमीटरची फिल्म सगळेच वापरत. मला हवा होता 120 नंबरचा रोल. कोडॅकने 1901 साली काढलेला हा रोल. त्यावरचं चौरस चित्र 35 वाल्याच्या साडेतीन पट मोठं, पण रोलमागे फोटो बाराच. म्हणजे ठेव मोठी, पण पैसे काढायच्या पावत्या मोजक्या! स्वीडनच्या हॅसलब्लाडची किंमत ऐकून मला प्रॉव्हिडंट फंड आठवला. जर्मनीच्या रोलायफ्लेक्सने 1929 पासून दोन भिंगांचा कॅमेरा जगात रुजवला, तोही परवडेना. शेवटी त्याच घराण्यातला जपानी याशिका मॅट 124 जी सेकंडहँड घेतला. 1986 साली त्याचं उत्पादन बंद पडलं होतं, म्हणजे तो रीतसर सेवानिवृत्त होता.

पेटीवर मात्र मी एक दुपार घालवली. चामड्याची केस पावसाळ्यात ओल धरते आणि भिंगावर बुरशी चढते, म्हणून ती नको. कापूस आमच्याकडे मुबलक, पण त्याचे तंतू यंत्रात शिरतात. म्हणून कॉलेजातली लोखंडी ट्रंक काढली, आतून सोफ्याचा स्पंज चिकटवला आणि बाहेरून काळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. आत अंडं ठेवून ती जिन्यावरून ढकलली. अंडं शाबूत! बायको म्हणाली, "अहो, अंड्याचं झालं. जिन्याचं काय?"

मे महिन्यात निघालो. या कॅमेऱ्यात मान खाली घालून वरच्या काचेत बघावं लागतं आणि चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. अचलपूरला निघालेली गाडी काचेत मूर्तिजापूरला परतताना दिसे. माझी वाकलेली मान बघून बाबा म्हणाले, "काऊन रे, गाडीले नमस्कार करून रायला का?"

पण टेप सुरू झाला आणि बाबा खुलले. कोळसा, धूर, पांढऱ्या सदऱ्यावरची भोकं, ड्रायव्हर मास्तरांसाठी गाडी कशी थांबवायचा ते, आणि मग गाल फुगवून जुन्या इंजिनाची शिट्टी! डब्यातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. दोन्ही बाजू भरल्या. कॅसेट मी निगुतीने ट्रंकेत ठेवली.

अंजनगावला उतरलो. बाबांचे जुने विद्यार्थी भेटले. लिंबाखाली चहा, गप्पा, पुन्हा चहा. ट्रंक तीन तास फलाटावर उन्हात. उचलायला गेलो तर कडीने हात भाजला. आतली कॅसेट वाकलेली, फीत चिकटलेली. रोल मात्र बाबांनी केव्हाच मागून घेतले होते. रिकाम्या जेवणाच्या डब्यात, पंचात गुंडाळून, पिशवीत घालून सावलीला ठेवले होते. म्हणाले, "लोणी कोनी उन्हात ठेवते का बाप्पा?"

पुढे कुठेतरी वाचलं की 1969 साली चंद्रावर नेलेल्या हॅसलब्लाडला रुपेरी रंग दिला होता, ऊन परतवायला. परतताना त्यांनी कॅमेरा तिथेच ठेवला आणि फिल्म तेवढी सांभाळून आणली. चंद्रावर जाणाऱ्यांना जे कळलं होतं ते आमच्या बाबांनाही कळलं होतं. मधल्या मध्ये मी ट्रंकेला काळा रंग देत बसलो. धक्क्याची भीती घातली, वऱ्हाडात राहून उन्हाची विसरलो.

"पुन्हा टेप करू," मी म्हणालो. "पुढल्या खेपेले," बाबा म्हणाले. पुढल्या खेपा मार्चएंडात आणि ऑडिटात गेल्या. चार वर्षांनी बाबा गेले. आता गाडीही बंद आहे.

रोलवरचा नववा फोटो मी मोठा करून लावलाय. खिडकीत बाबा, गाल फुगवलेले, ओठांचा चंबू, शिट्टी ऐन भरात. पाहुणे विचारतात, "हे काय करताहेत?"

मी गाल फुगवून दाखवतो. पण ती शिट्टी काही जमत नाही.