नाव आहे, पण माणूस कुठला?

मंडळी, आजची वस्तू आमच्या संग्रहात जुन्या बाजारातून आली, तीही मोडीच्या भावात. ब्राँझची गोल तबकडी, व्यास सुमारे १२ सेंटीमीटर. ब्रिटानिया, सिंह, दोन डॉल्फिन आणि कडेने इंग्रजीत वाक्य, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. शेजारी चौकटीत एक मराठी नाव. बस्स.

तबकडी कुठली, हे शोधणं सोपं गेलं. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या घरच्यांना सरकारने दिलेली ही स्मृतिपदकं. १९१७ मध्ये स्पर्धा झाली, आठशेहून जास्त नमुने आले, त्यातून लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टनचा निवडला गेला. सिंहाच्या पंजाजवळ त्याची आद्याक्षरं आहेत, भिंगातून बघा. अशी तेरा लाखांवर पदकं ओतली गेली.

माणूस शोधताना मात्र आम्ही अडलो. पदकावर हुद्दा नाही, पलटण नाही. हे मुद्दाम केलेलं होतं, सगळ्यांचं बलिदान सारखं म्हणून. सोबतच्या सन्मानपत्रावर ही माहिती असे, पण कागद कुठला टिकतोय!

मग युद्धस्मारक आयोगाच्या नोंदी चाळल्या. तेच नाव एकापेक्षा जास्त वेळा सापडलं, बसऱ्याच्या स्मारकाखाली. हे स्मारक मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं. तिथे सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ त्या कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि शेवटी शरण गेल्या.

आता गंमत म्हणावी की दुःख? १९२९ मध्ये बसऱ्याचं स्मारक उघडलं, तेव्हा ब्रिटिश शिपायांची नावं दगडात कोरली होती. हिंदी सैन्यातले अधिकारीही होते. साध्या हिंदी शिपायाचं नाव मात्र फक्त नोंदवहीत. म्हणजे आमचा माणूस त्यांतला असेल, तर धातूत वा दगडात त्याचं नाव बहुधा या एका तबकडीवरच उरलंय. आणि ती भंगारात निघाली होती.

म्हणून अंदाजाने कुणा एकाला ती चिकटवायची नाही, असं आम्ही ठरवलं. आमच्या कार्डावर सगळ्याच नोंदी लिहिल्या आहेत. त्या नोंदींत बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव असतं. तेव्हा तुमच्या घरी अशी तबकडी असेल, तर मोडीत घालू नका. ती कुणाची, त्याच्या वडिलांचं नाव काय, मूळ गाव कुठलं, हे आजीला आजच विचारून लिहून ठेवा.