हरणाऱ्याला पहिला मान

हॉकी म्हटलं की आमच्या पिढीला ध्यानचंद आठवतात. पण आज लिहायचंय ते बर्फावरच्या हॉकीबद्दल. निवृत्त मराठी मास्तराचा आणि बर्फाचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. तर २०१४-१५ चा हिवाळा मी मुलीकडे बफेलोला काढला. अमेरिकेच्या उत्तर टोकाचं, कॅनडाला खेटून असलेलं हे शहर. नोव्हेंबरातच शहराच्या दक्षिण भागात माणूसभर बर्फ पडला होता. बाहेर जायची सोय नाही, त्यामुळे संध्याकाळी जावई आणि नातू (तेव्हा नऊ वर्षांचा) टीव्हीपुढे बसले की मीही बसायचो. गावचा संघ बफेलो सेबर्स. हरत होता, आणि सपाटून हरत होता.

२६ मार्च २०१५ चा सामना मला अजून आठवतो. समोर अॅरिझोनाचा संघ. गुणतक्त्यात हे दोघेच सगळ्यांत खाली. सामना ३-३ असा अडला, जादा वेळेत गेला, आणि अॅरिझोनाच्या सॅम गॅग्नरनं गोल मारला. बफेलो आपल्याच मैदानावर हरलं. आणि बफेलोचेच प्रेक्षक टाळ्या वाजवत, ओरडत उठले! मला वाटलं, माझंच काही चुकतंय, गोल आपल्या बाजूनं झाला असेल. नातवाकडे पाहिलं तर तोही खूश. म्हणाला, "आजोबा, आपण हरलो. आता मॅकडेव्हिड मिळणार!"

मास्तरकीत जन्म गेला असल्यामुळे हे वाक्य मला चांगलंच बोचलं. मग कोण हा मॅकडेव्हिड, आणि हरल्यावर तो का मिळतो, हे समजून घेणं आलं.

तिकडची पद्धत अशी. अठराएक वर्षांचे होतकरू खेळाडू आपल्या मर्जीनं संघ निवडत नाहीत. संघ त्यांना निवडतात, पाळीपाळीनं. याला म्हणतात ड्राफ्ट. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एन.एच.एल.मध्ये, तो १९६३ साली सुरू झाला. त्याआधी मॉन्ट्रियल, टोरांटो यांच्यासारखे मातब्बर क्लब कुमारांचे संघच पोसायचे आणि चांगली पोरं लहानपणीच बांधून ठेवायचे. ते मोडावं, गरिबालाही चांगला गडी मिळावा, म्हणून ड्राफ्ट. आणि त्यातही जो सगळ्यांत खाली, त्याला पहिली पाळी. हेतू किती चांगला! आमच्या शिक्षण खात्याच्या परिपत्रकात शोभला असता.

चांगल्या हेतूचं पुढे काय होतं ते पाहायला १९८३-८४ च्या हंगामाकडे जावं लागतं. मारिओ लमियू नावाचा क्वेबेकचा पोरगा कुमारांच्या लीगमध्ये धुमाकूळ घालत होता. ७० सामन्यांत १३३ गोल, आणि १४९ गोलांना हातभार. असा खेळाडू पिढीत एखादा. इकडे पिट्सबर्ग पेंग्विन्स हा संघ डबघाईला आलेला, प्रेक्षक पाठ फिरवत होते. तळाला त्यांच्याशी स्पर्धा होती न्यू जर्सीची. मार्चमध्ये पिट्सबर्गनं आपला सर्वोत्तम बचावपटू रँडी कार्लाइल विनिपेगला देऊन टाकला. बदल्यात एक ड्राफ्टची पाळी, आणि एक खेळाडू जो हंगाम संपल्यावर यायचा होता. हंगाम संपल्यावर! म्हणजे आजचा सामना जिंकायला त्याचा उपयोग शून्य. बरा गोलकीपर खालच्या संघात धाडला आणि व्हिन्सेंट ट्रेंब्ले नावाच्या दुसऱ्याला उभं केलं. चार सामन्यांत त्याच्यावर चोवीस गोल झाले. शेवटी पिट्सबर्गचे गुण ३८, न्यू जर्सीचे ४१. तीन गुणांनी पिट्सबर्ग 'जिंकलं'. प्रशिक्षक लू अँगॉटी यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी ही गोष्ट उघडपणे कबूल केली.

फळ काय मिळालं? लमियूनं पहिल्याच सामन्यात, पहिल्याच फटक्यावर गोल केला. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं पिट्सबर्गनं स्टॅनले कप जिंकला. पापाला शिक्षा होते असं वर्गात शिकवलेल्या माणसानं इथं गप्पच बसावं.

पुढचा बोभाटा ऑटवाचा. १९९२-९३ हा त्यांचा पहिलाच हंगाम, ८४ सामन्यांत विजय फक्त १०. सॅन होजेचेही गुण तेवढेच, २४. पण त्यांचे विजय ११ म्हणून पहिली पाळी ऑटवाला. संघाचे मालक पत्रकारांपुढे नको ते बोलून गेले, चौकशी बसली. मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण त्या बोलण्याबद्दल एक लाख डॉलर दंड झाला. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी हे सारं, तो अलेक्झांडर देग पुढे सामान्यच निघाला, आणि दुसऱ्या पाळीला हार्टफर्डनं घेतलेला ख्रिस प्राँगर थोरांच्या यादीत जाऊन बसला.

या बोभाट्यानंतर, १९९५ साली, एन.एच.एल.नं लॉटरी आणली. (बास्केटबॉलवाल्यांनी दहा वर्षं आधीच आणली होती, अशाच कारणानं.) १ ते १४ आकड्यांचे चेंडू एका यंत्रात घुसळायचे आणि चार काढायचे. क्रम न धरता अशा १००१ जुळण्या होतात. एक बाद केली की उरल्या बरोब्बर १०००. या हजार जुळण्या खालच्या संघांत वाटायच्या, जो जास्त खाली त्याला जास्त. आपल्याकडे याला मटका म्हणाले असते, तिकडे समान संधी म्हणतात. असो.

आता खरा प्रश्न. लॉटरीनं मुद्दाम हरणं थांबलं का?

माझं मत सांगतो. शेवटून दुसरा असलेल्याला शेवटचा येण्यासाठी जी धडपड करावीशी वाटायची, ती काहीशी कमी झाली. पण 'या वर्षी हरायचंच' असं हंगामाच्या आधी वरच्या मजल्यावर ठरतं, त्याला लॉटरीनं फारसा धक्का लावला नाही. सुरुवातीला तर लॉटरी जिंकणारा फार तर चार पायऱ्या वर यायचा. पहिल्याच वर्षी लॉस एंजेलिसनं लॉटरी जिंकली आणि सातव्यावरून तिसऱ्यावर आला, पहिली पाळी ऑटवाकडेच राहिली! शेवटच्याला पहिली पाळी मिळायची शक्यता जवळजवळ निम्मी, आणि नाहीच मिळाली तर दुसरी हमखास. २००४ साली पिट्सबर्ग शेवटचा आला, लॉटरी वॉशिंग्टननं जिंकली आणि त्यांनी ओवेच्किन नेला. पिट्सबर्गला मिळाला माल्किन. असला तोटा कुणाला नको असेल?

बफेलोचं गणितही हेच होतं. २०१५ साली शेवटच्याला मॅकडेव्हिड मिळण्याची शक्यता फक्त २० टक्के होती. पण चिठ्ठी एकाच पाळीची निघायची, म्हणून दुसरी पाळी पक्की, आणि त्या वर्षीचा दुसऱ्या नंबरचा मुलगा जॅक आयकेल हाही असामान्य समजला जात होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये बफेलोनं दोन्ही चांगले गोलकीपर दुसऱ्या संघांना देऊन टाकले. इव्हँडर केन हा नामी खेळाडू घेतला, पण खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो उरलेला हंगाम खेळणारच नव्हता. पिट्सबर्गच्या त्या 'हंगाम संपल्यावर या' सौद्याचीच ही धाकटी बहीण, एकतीस वर्षांनी जन्मलेली आणि लॉटरीला वीस वर्षं झाल्यावर.

एक मात्र सांगायला हवं. बर्फावर उतरलेली पोरं मुद्दाम हरत नाहीत. त्यांना पुढच्या वर्षीचा करार मिळवायचा असतो, आणि येणारा मॅकडेव्हिड त्यांच्यातल्याच कुणाची तरी जागा घेणार असतो. त्या रात्री बफेलोच्या माईक वेबर या बचावपटूनं प्रेक्षकांबद्दलची नाराजी बोलून दाखवली. आपण जीव तोडून खेळतोय आणि आपलेच लोक आपल्या पराभवाला टाळ्या देतायत, हे सोसायला काय वाटत असेल! हरवतात ते कोट-टाय घालून वरच्या काचेआड बसणारे. त्यांना चेंडू घुसळण्याची भीती ती काय?

शेवटी बफेलोचे गुण ५४, अॅरिझोनाचे ५६. एप्रिलमध्ये लॉटरी निघाली आणि जिंकली ती तिसऱ्याच, एडमंटननं. साडेअकरा टक्के शक्यता असलेल्यानं! त्यांना २०१० ते २०१२ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिली पाळी मिळालीच होती. आमच्या घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

लीगनं मग नियम आणखी कडक केला. २०१६ पासून पहिल्या तिन्ही पाळ्या लॉटरीनं, म्हणजे शेवटचा संघ चौथ्या पाळीपर्यंत घसरू शकत होता. आता बघा काय झालं. २०१७ साली ८२ सामन्यांत फक्त ४८ गुण मिळवणारा कोलोराडो चौथ्यावर फेकला गेला. २०२० साली ७१ पैकी १७ सामने जिंकलेला डेट्रॉइट, तोही चौथ्यावर. दोघांचेही संघ खरोखरच रडतखडत चाललेले. शिक्षा त्यांना झाली. (कोलोराडोला चौथ्या पाळीत केल मकार मिळाला आणि २०२२ साली त्यांनी कप जिंकला, ती गोष्ट वेगळी. त्याचं श्रेय लॉटरीला देता येत नाही.) मग २०२१ पासून पुन्हा ढील, लॉटरी दोनच पाळ्यांची. २०२२ पासून कुणी दहापेक्षा जास्त पायऱ्या चढायचं नाही. आणि त्याच उन्हाळ्यात शिकागोनं, संघ नव्यानं बांधतोय असं सांगत, चांगले तरुण खेळाडू विकले, तळाला गेले, आणि २०२३ च्या लॉटरीत कॉनर बेडार्ड मिळवला. गेली तीस वर्षं हा नियमाचा दोर कधी ताणतात, कधी सोडतात. कारण चेंडूंच्या त्या यंत्राला दुबळा कोण आणि दुबळेपणाचं सोंग घेतलेला कोण, हे कळत नाही.

हे मला इतक्या ठामपणे का वाटतं? कारण हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. पंचाहत्तरच्या सुमारास एका तालुक्याच्या गावी नोकरीला असताना खेळाचा तासही माझ्याकडेच होता. आठवीचे कबड्डीचे चार संघ केले होते. दर महिन्याला गडी नव्यानं वाटायचे, आणि ज्याचा संघ जास्त हरला त्याच्या कप्तानानं पहिला गडी मागायचा. छान चाललं होतं. मग मध्येच एक आडदांड मुलगा शेजारच्या गावाहून शाळेत आला. चढाईला गेला की दोघातिघांना ओढूनच परतायचा. त्याला पुढच्या महिन्यात वाटायचं ठरलं, आणि काय सांगू, त्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माझे पट्टीचे खेळाडू मध्यरेषेपाशी दम सोडून उभे राहायला लागले!

मी चिडलो आणि चिठ्ठ्या आणल्या. चार कप्तानांच्या नावाच्या, खडूच्या रिकाम्या डब्यात. सोंगं बंद झाली, हे खरं. पण चौथ्या संघाचा कप्तान एक किरकोळ बांध्याचा, शांत मुलगा होता. तो खरोखरच हरायचा. पूर्वी निदान पहिला गडी तरी मिळायचा. चिठ्ठ्यांत त्याचं नाव एकदा तिसरं निघालं, पुढच्या महिन्यात चौथं, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा चौथं. मग एका शनिवारी तो पोटात दुखतं म्हणून बाजूला बसला आणि नंतर खेळायला आलाच नाही. मी तेव्हा चौकशीही केली नाही. डबा न्यायानं हलवला होता ना मी!

बफेलोचं पुढे काय झालं तेही सांगतो. २०१८ आणि २०२१ अशी दोनदा त्यांना पहिली पाळीही मिळाली. तरी २०११ नंतर २०२५ पर्यंत सलग चौदा हंगाम ते बाद फेरीत पोचले नाहीत. आयकेल २०२१ मध्ये लास वेगासला गेला आणि दोन वर्षांत तिथं कप जिंकला. हरण्याची सवय लावून घ्यायला एक हंगाम पुरतो, सोडवायला किती लागतात ते त्या गावाला विचारावं.

नातू आता कॉलेजात आहे. परवा फोनवर त्यानं एक नवी गोष्ट सांगितली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या बायकांच्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये लॉटरी नाहीच. अॅडम गोल्ड नावाच्या माणसानं सुचवलेली युक्ती त्यांनी घेतलीय. संघ बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडला की त्या दिवसापासून तो जेवढे गुण मिळवेल तेवढी त्याची ड्राफ्टची पाळी वर. दुबळा लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण मिळवायला सामनेही जास्त मिळतात. पहिल्याच वर्षी न्यू यॉर्कचा संघ तळाला राहिला आणि पहिली पाळी त्यांनी अशी जिंकून मिळवली. मला हे फार आवडलं. बाहेर पडलेल्यांनाही जिंकावंसं वाटेल असा नियम!

"मग आजोबा, तुमच्या कबड्डीला हा चालला असता की," तो म्हणाला. मी हो म्हणणार होतो. मग तो किरकोळ बांध्याचा कप्तान डोळ्यांपुढे आला. बाहेर पडल्यावर जिंकायचं म्हटलं तरी तो कुणाला हरवणार होता? नातवाला म्हटलं, विचार करून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.