अँबॅसडरला नवं इंजिन : वारसा की वापर?

धामनोदहून इंदूरकडे निघालं की मुंबई-आग्रा रस्ता घाट चढून माळव्यात जातो. जुन्या अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन अशा चढावर दमायचं. १९९०च्या दशकात हिंदुस्थान मोटर्सनेच तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं. म्हणजे इंजिनबदल हाही या गाडीचा इतिहासच.

मात्र आज तो करताना आरटीओची मंजुरी हवी, आणि ब्रेकही सुधारायला हवेत. घाट उतरायचाही असतो! २०२१च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला ‘विंटेज’ नोंदणी मिळते ती मूळ रूप राखलं तरच, आणि तशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. तेव्हा वारसा की वापर, हे आधी ठरवा. वापर ठरला, तरी जुनं इंजिन भंगारात घालू नका. त्यावरचा नंबर हाच गाडीचा जन्मदाखला.