पिठाची पोती

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि इंग्रजांनी समुद्र अडवला. बरंचसं धान्य बाहेरून आणणाऱ्या या देशावर हिवाळ्याच्या तोंडावर उपासमारीची वेळ आली. हर्बर्ट हूवर (हेच पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले) यांच्या समितीने अमेरिकेतून पीठ धाडलं. पावाची सोय झाली, पण रिकाम्या पोत्यांचं काय? सुती कापड जर्मनांच्या हाती पडलं तर त्याची स्फोटकं होतील, ही धास्ती! म्हणून पोती मोजून शाळांना, मठांना, शिवणवर्गांना दिली. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतात, तीच ही काटकसर, फक्त पहाऱ्याखालची. बायकामुलींनी गिरण्यांच्या छापील नावांवरच रंगीत दोरा फिरवला, कडेला लेस लावली, टाके घालून आभार लिहिले. काही पोती मदतीसाठी विकली, काही अमेरिकेला परत गेली. आयोवातल्या हूवर ग्रंथालयात त्यातली शेकडो आजही आहेत.