टँगमिअर: चांदण्या रात्रीचे प्रवासी

आजचा विषय दुसऱ्या महायुद्धाचा आहे, पण नकाशे आणि सेनापती आज बाजूला ठेवू. आपण एका लहानशा संग्रहालयात जाणार आहोत. इंग्लंडच्या दक्षिणेला, समुद्रापासून थोडं आत, चिचेस्टर नावाचं जुनं शहर आहे. तिथून पूर्वेला पाचेक किलोमीटरवर टँगमिअर हे खेडं लागतं. १९१७ पासून १९७० पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इथे लष्करी विमानतळ होता. आज तिथे विमानतळ म्हणावं असं फारसं काही नाही. धावपट्ट्या बहुतेक उखडल्या आहेत. शेती आहे, काचेची प्रचंड हरितगृहं आहेत, त्यांत ढोबळी मिरची पिकते. एका बाजूने नवी घरं सरकत आली आहेत. आणि या सगळ्याच्या कडेला टँगमिअर मिलिटरी एव्हिएशन म्युझियम आहे.

आम्ही गेलो तेव्हा तिकिटाच्या खिडकीमागे, चहाच्या काउंटरवर, दालनांत माहिती द्यायला, जिकडे तिकडे स्वयंसेवकच दिसले, आणि त्यांतले बहुतेक केस पिकलेले. १९८२ मध्ये हे संग्रहालय उघडलं ते जुन्या हवाई दलातल्या हौशी मंडळींनी. तळ बंद होऊन बारा वर्षं झाली होती. आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर दर रविवारी फावडी घेऊन टाकं साफ करायला जाणारी मंडळी असतात ना, तीच जात. अशा लोकांनी उभ्या केलेल्या संग्रहालयाला एक स्वभाव असतो. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं, ज्याला हात लावला, ते आधी मांडलं जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

तर काय मांडलं आहे? गणवेश, पत्रं, रेडिओ, जमिनीतून खणून काढलेले इंजिनांचे वाकलेले तुकडे. आणि विक्रमी विमानं. ७ सप्टेंबर १९४६ रोजी टेडी डोनाल्डसन यांनी मीटिऑर विमानातून ताशी सुमारे ९९१ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. बरोबर सात वर्षांनी, ७ सप्टेंबरलाच, नेव्हिल ड्यूक यांनी लालभडक हंटरमधून तो ११७१ पर्यंत नेला. दोघेही याच तळावरून उडाले. ही दोन्ही विमानं इथे पाहायला मिळतात. लहान मुलं हंटरपाशीच खिळतात, आणि खरं सांगायचं तर आम्हीही खिळलो.

मग १९४०. १६ ऑगस्टला दुपारी जर्मन स्टुका विमानांनी टँगमिअरवर सूर मारून बाँब टाकले. हँगर कोसळले, जमिनीवरची विमानं जळाली, माणसं गेली. तळ मात्र बंद पडला नाही. त्याच दिवशी बिली फिस्क नावाचा अमेरिकन वैमानिक आपलं होरपळलेलं हरिकेन तळावर उतरवू शकला आणि दुसऱ्या दिवशी वारला. बर्फावरच्या बॉबस्ले शर्यतीत दोनदा ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस, वय २९. त्याची कबर जवळच्या बॉक्सग्रोव्ह गावात आहे. या लढाईबद्दल इंग्रजीत इतकं लिहिलं गेलंय की आपण इथे थांबायची गरज नाही.

आम्हाला जायचं होतं ते रात्रीच्या टँगमिअरकडे.

दिवसा इथून लढाऊ विमानं उडत. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या आगेमागे, वेगळी पाहुणी विमानं येत. काळी रंगवलेली, पंख वर असलेली, चाकं आत न जाणारी बेढब विमानं. नाव लायसँडर. १६१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा मूळ तळ टेम्प्सफर्डला, इंग्लंडच्या आतल्या भागात. तिथून फ्रान्स लांब पडायचं, म्हणून चांदण्याच्या त्या दिवसांपुरता मुक्काम टँगमिअरला. तळाच्या मुख्य फाटकासमोर वेलींनी झाकलेली एक कॉटेज होती. वैमानिक तिथे राहायचे, आणि प्रवाशांना निघण्यापूर्वी तिथेच जेवण मिळायचं. प्रवासी म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, थोडक्यात एसओई, या गुप्त संघटनेचे हस्तक. निघण्याआधी खिसे उलटेपालटे करून पाहिले जात. लंडनच्या बसचं एखादं तिकीट, कपड्यावरची इंग्रजी चिठ्ठी, एवढ्यावरून जीव गेला असता.

हे उड्डाण कसं चालायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यातली साधेपणाची धास्ती समजली पाहिजे. विमानात वैमानिक एकटा. दिशा दाखवणारा दुसरा माणूस नाही, शस्त्रं नाहीत. मांडीवर नकाशा, खाली चांदण्यात चमकणाऱ्या नद्या, एवढ्यावर रस्ता शोधायचा. पोटाखाली जादा इंधनाची टाकी. फ्रान्समध्ये एखाद्या शेतात तीन विजेऱ्या काठ्यांना बांधून उलट्या 'एल'च्या आकारात रोवलेल्या. पहिल्या दोन विजेऱ्यांत दीडशे यार्डांचं अंतर, तिसरी उजवीकडे पन्नास यार्डांवर. खालून ठरलेलं अक्षर मोर्समध्ये लुकलुकलं तर उतरायचं, नाहीतर परत फिरायचं. बाजूला कायमची शिडी बसवलेली. उतरणाऱ्यांनी सामान खाली द्यायचं, जाणाऱ्यांनी वर चढायचं, आणि काही मिनिटांत विमान पुन्हा हवेत. हे ज्यांनी केलं त्यांतले एक, ह्यू व्हेरिटी, यांनी पुढे 'वी लँडेड बाय मूनलाइट' हे पुस्तक लिहिलं. ज्यांना रस असेल त्यांनी जरूर वाचावं.

आता १६ जून १९४३ ची रात्र. दोन लायसँडर, चार प्रवासी: डायना राउडन, सेसिली लफोर, चार्ल्स स्केपर, आणि नूर इनायत खान.

नूरचं घराणं आपल्याला परकं नाही. तिचे वडील इनायत खान १८८२ साली बडोद्यात जन्मले. सयाजीराव महाराजांच्या दरबारातले थोर गवई मौलाबक्ष हे इनायत खानांच्या आईचे वडील. बडोद्यात १८८६ मध्ये गायनशाळा सुरू झाली ती मौलाबक्षांच्या हातून, आणि तिच्याच परंपरेत आजची बडोदा विद्यापीठाची संगीत-नाट्य शाखा येते. इनायत खान १९१० मध्ये परदेशी गेले, सुफी विचारांचे गुरू म्हणून नावारूपाला आले. नूर मॉस्कोत १ जानेवारी १९१४ रोजी जन्मली. आई अमेरिकन. वाढली पॅरिसजवळ. मुलांसाठी जातककथांचं पुस्तक तिने इंग्रजीत लिहिलं, ते १९३९ मध्ये निघालं. पुढच्या वर्षी फ्रान्स पडलं, कुटुंब इंग्लंडला आलं, ती हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि वायरलेस शिकली. असंही सांगतात की मुलाखतीत भारताचा विषय निघाला तेव्हा युद्धानंतर आपण भारतीयांच्या स्वातंत्र्याच्या बाजूने असू, असं ती सांगून बसली. ही गोष्ट आपल्याला आवडते म्हणून ती जरा जपून सांगावी.

तिला पाठवावं की नाही याबद्दल मतभेद होते, हे मात्र कागदोपत्री आहे. प्रशिक्षकांपैकी काहींना ती या कामासाठी फार भाबडी, फार घाबरट वाटली. फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी ते शेरे उडवून लावले. पॅरिसला वायरलेस चालवणारी माणसं तातडीने हवी होती आणि नूर फ्रेंच घरातल्यासारखं बोलायची. म्हणजे तिला पाठवण्यात विश्वास होता आणि नडही होती. आमच्या मते नड जास्त.

टँगमिअरला तिला निरोप द्यायला एसओईच्या व्हेरा ॲटकिन्स आल्या होत्या. त्यांच्या अंगावरची पक्ष्याच्या आकाराची पिन नूरला आवडली म्हणून त्यांनी ती काढून तिला दिली, असं सांगितलं जातं. मग विमान उडालं. फ्रान्समध्ये अँजे शहराजवळच्या एका शेतात चौघांना उतरवून घेणारा माणूस होता आंरी देरिकूर. हा माणूस जर्मन गुप्तचरांच्या संपर्कात होता, हे पुढे उघड झालं. युद्धानंतर १९४८ मध्ये फ्रान्समध्ये त्याच्यावर खटला चालला आणि तो सुटला. तेव्हा ज्या शेतात ते उतरले त्याचा पत्ता शत्रूलाही असणं अशक्य नव्हतं. आठवड्याभरात, २४ जूनला, पॅरिसच्या जाळ्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल पकडला गेला आणि पाठोपाठ धरपकड सुरू झाली. नूरला परतण्याची संधी होती, तिने नाकारली. त्यानंतर काही महिने पॅरिसमधून लंडनशी वायरलेसने बोलणारं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. ती पंधराएक किलोंचा संच पेटीत घेऊन घरं बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. तिच्या वहीत जुने संदेश लिहून ठेवलेले सापडले. त्यांच्या आधारे जर्मन लोक तिच्या नावाने लंडनशी बोलत राहिले, लंडनला वेळेवर संशय आला नाही, आणि त्यामुळे आणखी माणसं थेट जर्मनांच्या हातात उतरली. ही चूक तिची, की तिला नीट न शिकवणाऱ्यांची? कथा सांगणारे बहुतेक या वहीवरून घाईने पुढे जातात. जाऊ नये.

तिला फोर्झहाइमच्या तुरुंगात साखळ्यांत ठेवलं. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउ छळछावणीत गोळी घालून मारलं. वय ३०. डायना राउडन नात्सवायलर छावणीत मारली गेली, सेसिली लफोर राव्हेन्सब्रूकमध्ये, आणि स्केपरही परतला नाही. त्या रात्री टँगमिअरहून गेलेल्या चौघांपैकी एकही परत आला नाही.

आता आपला राखून ठेवलेला मुद्दा. १९४० ची लढाई, विक्रम, हँगर, स्क्वॉड्रनचे कोंबड्याचे चिन्ह असलेले बिल्ले हे सगळं या तळावर शेकडो लोकांनी पाहिलं आणि म्हणून ते जपलं गेलं. ही रात्रीची वाहतूक तळावरच्या लोकांनीही बघू नये, बोलू नये, अशीच बेतली होती. मग आठवणार कोण? व्हेरा ॲटकिन्सना युद्ध संपल्यावर जर्मनीत जाऊन एकेकाचा माग काढावा लागला. नूरबद्दल त्यांचा पहिला निष्कर्षही चुकला. ती नात्सवायलरला मेली असं त्यांना वाटलं, डाखाउ नंतर कळलं. जॉर्ज क्रॉस मिळाला १९४९ मध्ये. तिची एसओईची फाइल ब्रिटिश अभिलेखागारात खुली व्हायला २००३ उजाडलं. लंडनला गॉर्डन स्क्वेअरमध्ये पुतळा बसला २०१२ मध्ये. त्यामुळे इथल्या हौशी मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याच तळावरचा हा इतिहास त्यांना बाहेरून शिकावा लागला, आणि तो त्यांनी शिकून घेतला, हे आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. आता या तळावर प्रत्यक्ष युद्धात काम केलेले बहुतेक गेले. दालनात उभं राहून सांगणारे आज ऐकीव आणि वाचलेलं सांगतात, म्हणजे इतिहासकार जे करतो तेच. फरक इतकाच की चहा झाल्यावर ते कपही विसळतात.

गावातल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात ब्रिटिश आणि जर्मन वैमानिकांच्या कबरी एकाच हिरवळीवर आहेत. आम्ही तिथेही गेलो. नूरला कबर नाही. तिचं नाव रनीमीडच्या हवाई दल स्मारकावर, ज्यांचा देह सापडला नाही अशा हजारोंच्या यादीत आहे. ती कॉटेज अजून उभी आहे. कुणाचं तरी खासगी घर आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहिली.

निघताना एका वृद्ध स्वयंसेवकाने विचारलं, तुम्ही भारतातून आलात, तर नूरच्या वडिलांचं बडोदा नेमकं कुठे आणि तिथे त्यांचं काय होतं? आम्ही सयाजीरावांचं, गायनशाळेचं, मौलाबक्षांचं सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि मौलाबक्षांचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं ते विचारलं. दोन-तीन प्रकारे लिहितात, आम्ही म्हटलं. मग तिन्ही द्या, ते म्हणाले, आणि बस येईपर्यंत आम्ही ती लिहून देत होतो.